गजभिये बाई आणि कुरईचा उतार

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहासाठी पहिल्यांदा विजेची शेगडी आली, तेव्हा सगळ्या प्राध्यापिका तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या. शिपाई दौलत ती कशी लावायची हे मोठ्या तोऱ्यात दाखवत होता. सगळ्यांनी शेगडीचं कौतुक केल्यावर मागून एक जाडाभरडा आवाज आला.

"लावायचं समजलं. बंद कसं करायचं ते सांग."

दौलतनं बटण दाखवलं.

"आणि हे बटण अडकलं तर?"

दौलतनं तेच बटण पुन्हा दाबून दाखवलं. मग गजभिये बाईंनी स्वतः खुर्ची ओढून, तिच्यावर चढून, दारावरच्या पेटीतला मोठा खटका शोधून काढला. तो खालीवर करून पाहिला, हात झटकले, आणि मगच आपला कप पुढे केला.

बाई फिजिक्स शिकवत, मी मराठी. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन होतं. माझी कविता ऐन रंगात आलेली असताना पलीकडून त्यांचा आवाज येई, "हं, पुढं? मग पुढं काय होईल?" पोरीनं उत्तर दिलं तरी पुन्हा "पुढं?" पोरगी रडकुंडीला येईपर्यंत त्या तिला पुढं नेत. एकदा माझ्या वर्गात विरहाचं कडवं संपलं आणि त्या नेमक्या क्षणी पलीकडून "पुढं?" आलं. माझा सगळा वर्ग हसत सुटला. मधल्या सुट्टीत मी तक्रार केली, तर म्हणाल्या, "बरोबरच विचारलं की. विरहाच्या पुढं काय, ते तुमचे कवी सांगतच नाहीत."

ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, काळ्यासावळ्या. साडी कायम सुती, गडद काठाची, निऱ्या घोट्याच्या वर, कारण पायात साडी अडकून पडणाऱ्या बायकांचा त्यांना मनापासून राग होता. फळा दुसऱ्या कुणी पुसलेला चालत नसे. चारही कोपऱ्यांपर्यंत स्वतः पुसायच्या.

वडील गिरणीत होते, ते लवकर गेले. आईनं विड्या वळून दोन मुलं शिकवली. थोरल्या या, धाकटा वसंत. छप्पन साली सगळ्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा बाई एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. नागपुरातल्या इंदोरा वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पगार चांगला झाल्यावरही त्या तिथून हलल्या नाहीत. "इथं मले आवाज द्यायला माणसं आहेत," म्हणायच्या.

कॉलेजात त्या आल्या त्या काळातली एक गोष्ट दौलतनं मला सांगितली. बाईंच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी कानाला टवका गेलेला एक कप कपाटात वेगळा काढून ठेवला. का, ते कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना समजलं. बाईंनाही. त्या रोज कपाट उघडत, तोच कप काढत, चहा पीत आणि धुऊन जागेवर ठेवत. मी रुजू झाले तोवर दिवस बदलले होते. नव्या प्राचार्यांना त्या कपाची लाज वाटली आणि त्यांनी सगळ्यांसाठी एकसारखे नवे कप आणवले. बाईंनी मात्र आपला टवक्याचा कप सोडला नाही. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "हा कोणी पळवत नाही." स्टाफरूममध्ये कुणी हसलं नाही. बाई शांतपणे चहा प्यायल्या.

बाईंना मोटार चालवता येत होती. त्या काळी नागपुरात मोटार चालवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि त्या सगळ्या सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतल्या. बाईंना शिकवलं त्यांच्या मामेभावानं. तो उमरेडच्या कोळशाच्या खाणीवर जीप चालवायचा. सुट्टीत मामाकडे गेलं की तो त्यांना खाणीच्या उतरत्या कच्च्या रस्त्यावर घेऊन जाई. "चढताना जो गियर, उतरताना तोच गियर," हे त्याचं वाक्य त्या नेहमी सांगत.

एकदा कॉलेजची सहल रामटेकला गेली होती. मुली जास्त, म्हणून बसच्या जोडीला भाड्याची एक जुनी स्टेशन वॅगन होती. गडावर पोचल्यावर वॅगनच्या ड्रायव्हरला हुडहुडी भरून ताप चढला. बाईंनी किल्ली मागून घेतली, त्याला घोंगडी पांघरून मागे बसवलं आणि गाडी खाली आणली. पहिल्या गियरमध्ये, इंजिन नुसतं किंचाळत होतं. आम्ही मागच्या बसमधून पाहत होतो. एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांच्या पुढे गेला, तशा पोरी हसून हसून एकमेकींवर पडल्या. खाली आल्यावर मी म्हटलं, "बाई, सायकलनं मागे टाकलं तुम्हाला."

"त्याले घाई असंल," त्या म्हणाल्या. "इंजिन ओरडलेलं बरं. ओरडतं तोवर ते गाडीले मागं ओढून राहते. गप झालं की समजायचं, आता आपण एकटे."

वसंत इंजिनिअर झाला आणि अमेरिकेला गेला. तिथं मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. इंदोऱ्यातून तिकडे गेलेला तो पहिलाच मुलगा असावा. बाई त्याच्याविषयी फार बोलत नसत, पण त्याचं पत्र आलेलं आम्हाला लगेच कळे, कारण त्या दिवशी फळ्यावरचं अक्षर मोठं येई. सात-आठ वर्षांनी तो परत आला. कायमचा आला, असं म्हणाला. येताना त्यानं गाडी आणली.

तशी गाडी नागपूरनं पाहिली नव्हती. लांबलचक, पिस्त्याच्या रंगाची, स्टिअरिंग डावीकडे. इंदोऱ्याच्या गल्लीत ती शिरेचना, म्हणून मोठ्या रस्त्यावर एका पानठेल्याशेजारी उभी राही आणि दिवसभर तिला माणसांचा वेढा असे. बाईंची आई भागाबाई पदरानं तिच्या काचा पुसायची. "हे मोटर नाही वं," ती शेजारणींना सांगायची, "हे आगबोट आहे. माह्या वसंतानं समुद्रातून आणली." जिनं आयुष्यभर तेंदूच्या पानांत बोटं काळी केली, तिनं मागच्या सीटवर बसून गल्लीकडे पाहावं, हे पाहायला माणसं थांबत. काही म्हातारे नुसते गाडीवर हात ठेवून उभे राहत.

एका रविवारी वसंतनं बाईंना आणि मला वर्धा रोडला फिरवून आणलं. चांगला हसरा, बोलका मुलगा होता. अंगात तिकडचा रंगीत शर्ट, पण बोलणं सगळं नागपुरी. गाव मागे पडल्यावर त्यानं स्टिअरिंगजवळच्या दांडीचं बटण दाबलं आणि दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली. मी ओरडलेच. गाडी मात्र त्याच वेगानं, तशीच सुरळीत धावत राहिली. काटा चाळीस मैलांवर स्थिर.

"क्रूझ कंट्रोल," तो म्हणाला. "स्पीड ठरवून द्यायची. मग गाडी आपल्या मनानं पेट्रोल घेते. चढ आला की जास्त, नाही तर कमी. पाहा, आता चढ आहे."

खरंच थोडा चढ होता. इंजिनचा आवाज आपोआप भरला आणि काटा हलला नाही. कुणी अदृश्य माणूस पाय देत असावा तसं वाटलं. बाई पुढे वाकून सगळं पाहत होत्या. 

"बंद कसं करायचं?"

"ब्रेकले पाय लावला की बंद."

"हं. अन् उतारावर?"

"उतारावर काय?"

"उतारावर हे काय करते? चढावर पेट्रोल वाढवते, समजलं. उतारावर गाडी स्वतःच पळते. तवा?"

"तेच, ताई," वसंत हसत म्हणाला. "सेट केलं म्हणजे सेट. वर असो का खाली, स्पीड तेच राहते. सिस्टीम धरते."

"कशानं धरते?"

"आता सगळं इथंच शिकवू का तुले? धरते म्हटलं ना. अमेरिकेतले लोक खुळे आहेत का?"

बाई मागे टेकून बसल्या. खुशीत होत्या. ज्या भावाला त्यांनी अपूर्णांक शिकवले होते, तो आज त्यांना काहीतरी शिकवत होता. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका सरळ आनंद आधी पाहिला नव्हता. वर्धा रोड तसा सपाट. त्या दिवशी म्हणण्यासारखा उतार आम्हाला लागलाच नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मायलेकरं तिघं गाडीनं जबलपूरला गेली. भागाबाईची धाकटी बहीण तिथं होती. बहिणी-बहिणींची कित्येक वर्षांत भेट नव्हती. मावशीच्या दारात आगबोट उभी राहिली, सगळ्या मोहल्ल्यानं पाहिली, दोघी म्हाताऱ्या रडल्या, हसल्या. परत येताना शिवनीपर्यंत वसंतनं गाडी चालवली. तिथं चहा घेतल्यावर तो म्हणाला, ताई, आता तू चालव, बटण लावून देतो. शिवनीच्या पुढे रस्ता बराच सरळ जातो आणि मग कुरईच्या घाटातून सागाच्या जंगलात उतरू लागतो. वळणं फार मोठी नाहीत, पण उतार लांब आहे.

घाटाच्या मध्यावर एका वळणापलीकडून लाकडं भरलेली बैलगाडी येत होती. तिला चुकवायला बाईंनी जोरात ब्रेक मारला आणि गाडी मुरमावरून घसरत सागाच्या झाडावर गेली. भागाबाई मागे पाय पसरून झोपली होती. तिला जाग आली की नाही, कुणाला माहीत नाही. मागून आलेल्या एका ट्रकवाल्यानं सगळ्यांना शिवनीला पोचवलं, तोवर ती गेली होती. वसंतचा हात मोडला. बाईंची छाती स्टिअरिंगवर आपटली, बरगड्या मोडल्या. त्या बरगड्यांचं दुखणं पुढे कधी गेलं नाही.

बाईंवर खटला झाला. निष्काळजीपणानं गाडी चालवून मृत्यूस कारण झाल्याचा. तारखेला मी त्यांच्याबरोबर शिवनीला गेले, कारण त्यांना एकटं जाऊ देणं मला बरं वाटेना. वसंतला साक्षीला बोलावलं होतं. तो वेगळा आला, वेगळा बसला.

बाईंचा वकील तिथलाच, वयस्कर आणि भला होता. व्हरांड्यात तो त्यांना पुन्हा पुन्हा समजावत होता, "बहनजी, इतना कह दीजिए कि विदेशी मशीन थी, फेल हो गई। कौन जाँचने वाला है यहाँ? छूट जाएँगी।"

"मशीन फेल नहीं हुई," बाई म्हणाल्या. "उसका जो काम था, वही किया।"

आधी वसंत उभा राहिला. त्याला विचारलं, गाडी किती वेगात होती, त्या वेळी काय काय घडलं? तो खाली पाहून म्हणाला, "मुझे मालूम नहीं। मेरी आँख लग गई थी।"

मी बाईंकडे पाहिलं. त्या वसंतकडेच पाहत होत्या. पाहता पाहता त्यांनी मान खाली घातली आणि मांडीवरच्या पदराचं टोक नीट घडी करू लागल्या. घडी करायच्या, मोडायच्या, पुन्हा करायच्या.

त्यांची पाळी आल्यावर न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं, "ढलान थी, गाड़ी तेज़ हो रही थी, आपको दिख रहा था। पहले ब्रेक क्यों नहीं लगाया?"

 वकील पुढे झाला. बाईंनी हातानंच त्याला थांबवलं.

"गाड़ी मैं चला रही थी," त्या म्हणाल्या. "ग़लती मुझसे हुई।"

दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे दिवसाचं कामकाज संपेपर्यंत तिथंच एका बाकावर बसून राहायचं. गुन्हेगारांच्या, शेतीच्या भांडणांच्या, कोंबडी चोरल्याच्या खटल्यांमध्ये आमच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या विभागप्रमुख बाई ताठ बसून होत्या. बरगड्यांमुळे त्यांना टेकता येत नव्हतं. वसंत साक्ष देऊन गेला तो परत आलाच नाही. मी डबा नेला होता, तो शिपायानं आत देऊ दिला. बाईंनी शेजारी बसलेल्या एका आरोपीला अर्धी पोळी दिली आणि अर्धी खाल्ली.

संध्याकाळच्या बसनं आम्ही निघालो. बाई मुद्दाम पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे बसल्या. घाट सुरू झाला तसं ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रलला टाकली आणि इंजिन बंद केलं. डिझेल वाचवायला तेव्हा पुष्कळ ड्रायव्हर असं करत. एकाएकी सगळं शांत झालं. नुसता टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज. बस आपल्याच वजनानं खाली धावू लागली.

बाई उठून उभ्या राहिल्या. दांडी धरून म्हणाल्या, "भैया, गियर में डालो।"

"बैठो बाई," ड्रायव्हर म्हणाला. "रोज का रास्ता है।"

"गियर में डालो, मैं कह रही हूँ।"

मागून लोक ओरडू लागले. कुणी म्हणालं, बैठ जाओ माताजी. कुणी म्हणालं, मास्तरीण दिसते. ड्रायव्हर हसला आणि त्यानं एका हातानं बिडी पेटवली. बाई बसल्या नाहीत. तशाच दांडीला लोंबकळत, छाती दुखत असताना, उभ्या राहिल्या. ते वळण आलं. झाडाची साल सोललेली होती, तिथं पांढरं लाकूड दिसत होतं. बस त्याच्याजवळून सपकन निघून गेली. कुणाला काही कळलंही नाही. खाली खवासाला सपाटी लागल्यावर ड्रायव्हरनं पुन्हा इंजिन सुरू केलं आणि मागं वळून बाईंना म्हणाला, "कुछ हुआ?"

बाई बसल्या. त्यांना दम लागला होता. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "काहीच झालं नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही, सुधा." 

कॉलेजात त्यानंतर कुजबूज झालीच. शिक्षा झालेली बाई मुलींना शिकवते, अशी तक्रार संस्थेकडे गेली. तक्रार करणाऱ्यांना मोटारीशी काही घेणं नव्हतं. त्यांना बरीच वर्षं निमित्त हवं होतं, ते मिळालं. नोकरी राहिली, पण पुढच्या वर्षी प्राचार्यपद रिकामं झालं तेव्हा बाईंचा हक्क असून ते दुसरीला दिलं. बाई नव्या प्राचार्यांचं अभिनंदन करायला सगळ्यांत आधी गेल्या. मला राग आला होता. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "खुर्चीसाठी भांडायचं म्हणजे मायचं मरण पुन्हा पुन्हा सांगत बसायचं. नाही होत मले."

उतरत्या फळीवरून छोटी गाडी सोडण्याचा प्रयोग त्या दर वर्षी घेत. त्या वर्षी घेतील की नाही, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी घेतला. पार्टिशनपलीकडे इतकी शांतता होती की फळीवरून उतरणाऱ्या चाकांचा आवाज मला ऐकू येत होता. मग कुणीतरी मुलगी हुंदके देऊ लागली. एरवी पोरी बाईंना घाबरत, पण ती मुलगी इंदोऱ्याचीच होती आणि भागाबाईच्या मांडीवर वाढली होती.

"काहून रडतं?" बाईंचा आवाज आला. "रडायचं असंल तर बाहेर जा. इथं राहायचं तर कोन मोज."

 मग मुलीनं कोन किती ते सांगितलं.

"हं," बाई म्हणाल्या. "पुढं?"

वसंत खटल्यानंतर महिन्याभरातच अमेरिकेला परत गेला. मोडलेली गाडी तशीच शिवनीच्या ठाण्याच्या आवारात गंजत पडली. त्याचं पत्र आलं की नाही, आम्हाला कळेनासं झालं, कारण फळ्यावरचं अक्षर आता नेहमी एकसारखंच येई.

पाच-सहा वर्षांनी एके दिवशी तो माझ्या घरी आला. केस पांढरे झाले होते, अंग सुटलं होतं. म्हणाला, "तुम्ही माझ्यासोबत चला. एकट्यानं मला ताईच्या दारात पाय टाकवत नाही." मी गेले. बाई तेव्हा दम्यानं बेजार होत्या. मुदतीआधीच नोकरी सोडून घरी बसल्या होत्या. त्याला पाहून त्या उठल्या, पाणी दिलं, स्टोव्हवर चहा ठेवला. मी उठून बाहेर जाऊ लागले तर म्हणाल्या, "बस वं. तू आलीच आहेस, तर बस."

"ताई, मले बोलू दे," वसंत म्हणाला.

"चहा घे आधी."

"मी झोपलो नव्हतो."

"मले माहीत आहे. मी चालवत होती तवा तू बाजूलेच बोलत होता."

वसंतनं कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहून, जणू मीच न्यायाधीश होते, तो सांगू लागला. "काटा चढत होता. चाळीसचा पंचेचाळीस, पन्नास. ताईनं ब्रेकले पाय लावला. मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, ब्रेक नको मारू, सिस्टीम निघून जाते. ठेव तसंच, ते स्वतःच खाली आणते. पुन्हा बटण दाबून दिलं मीच. तिनं पाय काढला. मग बैलगाडी आली." तो बाईंकडे वळला. "कोर्टात मी घाबरलो. मले परत जायचं होतं. पण तू, ताई, तू काहून नाही सांगितलं?"

"पाय माझा होता," बाई म्हणाल्या.

"पण ठेव म्हटलं ते तर मी!"

"हो. तू म्हटलं." त्या स्टोव्हची हवा काढत होत्या. त्याच्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "मले एकच गोष्ट सांग. इतक्या वर्षांत तेवढीच विचारायची राहिली आहे. तुले उतारावरचं खरंच माहीत होतं का?"

वसंतनं कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. बाहेर कुणी पोरांना हाका मारत होतं. तो म्हणाला, "मी राहतो तिकडं सगळं सपाट आहे, ताई. शंभर शंभर मैल सपाट. उतारावर मी ते कधी लावूनच पाहिलं नव्हतं."

"म्हणजे ते नुसतं पेट्रोल कमीजास्त करते, उतारावर गाडी धरत नाही, हे तुले माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"मग 'माहीत नाही' म्हणायचं होतं गा, वसंता. मी विचारलं होतं तुले. दोनदा विचारलं. माहीत नाही म्हटलं असतं, तर मी माझ्या अकलेनं चालवली असती."

त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. वसंतच रडला, मोठ्या माणसानं रडू नये तसं, नाक गळेपर्यंत. बाईंनी त्याला रडू दिलं. मग उठून कणीक मळायला घेतली. "जेवून जा," म्हणाल्या. वांग्याची भाजी होती. त्याला आवडायची म्हणून केली होती की सहज होती, हे मला सांगता येणार नाही. तो जेवला. त्या वाढत होत्या आणि मधूनमधून भिंतीला टेकून श्वास घेत होत्या. निघताना तो पाया पडायला वाकला, तर बाईंनी त्याचे खांदे धरून त्याला सरळ केलं. तोंडावरून हात फिरवला. "आता येऊ नको," एवढंच म्हणाल्या. "तुले पाहिलं की मले मायचं तोंड दिसते. तब्येत सांभाळ."

तो गेल्यावर मी विचारलं, "बाई, माफ केलं का त्याला?"

"माफ म्हणजे काय, ते मले समजत नाही," त्या म्हणाल्या. "तो लहान असताना मी त्याले कडेवर घेऊन गिरणीच्या गेटापर्यंत जात होती. ते जात नाही. अन् हेही जात नाही."

पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्या. वसंतला तार केली होती. तो आला नाही. यायचं टाळलं, की बाईंचा शब्द पाळला, कुणास ठाऊक.

त्याआधी काही आठवडे मी त्यांना शेवटची पाहिली. मी शहर बसमध्ये होते. दुपारची वेळ, रेल्वेच्या पुलावर गर्दी तुंबलेली, संत्र्यांच्या पेट्या लादलेल्या हातगाड्या मध्येच अडकलेल्या. पलीकडच्या बाजूनं एक सायकलरिक्षा पूल चढून वर आली. तिच्यात बाई बसल्या होत्या, शाल गुंडाळून, दवाखान्यातून येत असाव्यात. चढावर माणसं रिक्षातून उतरतात, ओढणाऱ्याला तेवढीच मदत. बाई चढावर बसून राहिल्या होत्या, तेवढा दम त्यांच्यात उरला नव्हता. पुलाच्या माथ्यावर मात्र त्यांनी रिक्षा थांबवली आणि खाली उतरल्या.

रिक्षावाला हातवारे करून काहीतरी समजावत होता. आता उतार आहे, बसा, असंच म्हणत असावा. मागून ट्रक भोंगे वाजवत होते. बाईंनी त्याला हातानं, तू चल, अशी खूण केली. तो ब्रेक दाबून रिकामी रिक्षा सावकाश खाली नेऊ लागला आणि बाई कठड्याच्या कडेनं एकेक पाऊल टाकत मागून येऊ लागल्या. दोनदा थांबल्या. मी बसच्या खिडकीतून हाक मारली, पण त्या भोंग्यांत ती कुठली पोचायला.

खाली सपाटीला रिक्षावाला त्यांची वाट पाहत थांबला होता. बाई पोचल्या, कठड्याला हात लावून श्वास घेत उभ्या राहिल्या. मग त्यानं खाली उतरून आपला हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि वर चढल्या. चाकात जाऊ नये म्हणून त्यानं शालीचं टोक उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. दोघं काहीतरी बोलली. आमची बस हलली. मी मान वळवून पाहिलं, तर रिक्षा घराच्या दिशेनं, कामठी रोडकडे वळत होती.